हिरव्या साडीची वाट

लीलाकाकी, प्रशांतदादा, वैद्यबाई, आणि गावातून, डोंबिवलीतून, कुठून कुठून आलेल्या सगळ्या माणसांनो,

माइक जरा खाली करून घेते. माझ्या आधी बोलले ते सगळे उंच होते. उंचीनंही आणि मानानंही. ते बोलत होते तेव्हा मला सारखं वाटत होतं, आता हिरामणकाका मागून खाकरतील आणि म्हणतील, पुरे झाला, चला जेवून घ्या. इतकी माणसं एका हॉलमध्ये गप्प बसलीयत आणि काका काहीच बोलत नाहीत, हे मला अजून जमत नाहीये.

मला बोलायचं नव्हतं. मी मागं दाराशी बसलेले, मधेच उठून जाता येईल अशी. मी सगळीकडे अशीच बसते. पण काकींनी बोट केलं. म्हणाल्या, भिंगरी, तू पन बोल. काकींना नाही म्हणणारं माणूस मी अजून पाहिलेलं नाही. काकांनाही ते जमायचं नाही. फक्त एकदा त्यांनी काकींना न विचारता एक गोष्ट केली. मी त्या एका गोष्टीबद्दलच बोलणार आहे. काकी, चालेल ना?

मान हलली. चला.

भिंगरी हे माझं नाव नाही. पण या गावात माझं दुसरं नाव कुणालाच माहीत नाही. मी कोलशेतची. कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलं. मग मेंदीच्या ऑर्डरी घेतल्या, मग लग्नाच्या व्हिडिओवाल्याकडे लाइट धरला, मग पार्सलं पोचवली. कुठंच वर्ष भरलं नाही. स्कूटी काढायची आणि रस्ता संपेल तिथं उतरायचं, एवढंच मला नीट येतं. असाच एकदा आंबिवलीच्या पुढं रस्ता संपला, आणि समोर काकांचा डोंगर होता.

मी करवंदीच्या जाळीपाशी कुरमुरे खात बसलेले. वरून एक गृहस्थ उतरले. पांढरा कडक शर्ट, गळ्यात चेन, पायात रबरी चप्पल, हातात कोयता. मी म्हटलं, संपलं आपलं. त्यांनी मला नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. म्हणाले, "काडेपेटी दाव."

माझ्याकडे नाही म्हटलं, तर बॅग उघडायला लावली. आत कुरमुरे, चार्जर आणि मेंदीचे कोन. कोन त्यांनी उलटेसुलटे करून बघितले आणि विचारलं, हे पेटतात का? नाही म्हटल्यावर शेजारी बसले आणि माझे अर्धे कुरमुरे खाल्ले.

हसा, हसा. काकांच्या सभेत कुणी हसलं नाही तर तेच रागावतील.

तर काडेपेटी. आपल्या डोंगरावर वणवा आपोआप लागत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. कुणी विडी टाकतं. कुणी गवत लवकर फुटावं म्हणून जाळतं. कुणी डुक्कर बाहेर काढायला जाळतं. आणि कुणी कशासाठीच नाही, नुसतं. होळीच्या आसपास लांबून डोंगरावर लाल माळ दिसते ना, गाड्या थांबवून लोक फोटो काढतात, ती. काकांच्या उतारावर ती माळ जवळपास दरसाल यायची. वरची झाडं खुरटलेली, खोडं काळी, आणि खाली नुसतं गवत.

काकांनी तो उतार राखायला घेतला तेव्हा लोक म्हणाले, हिरामणशेठला देव दिसला. मी एकदा विचारलंही त्यांना. म्हणाले, "देव नाय न काय नाय. इकाचा होता. पन समोरचा मानूस बोलताना डोंगराकडं बगतच नव्हता, फोनान बगत होता. मना राग आला." म्हणजे विकायला काढलेला डोंगर रागात राखला. मग राग गेला आणि डोंगर राहिला.

त्याच सुमाराला वैद्यबाई आल्या. बाई, तुमच्याबद्दल बोलते, रागावू नका. बाई डोंबिवलीच्या, बँकेतून रिटायर झालेल्या, आणि त्यांचा सोसायटीतल्या लोकांचा रोपं लावणारा ग्रुप. दर रविवारी टोप्या घालून यायचे. काका आणि बाई यांचं पहिल्या दिवसापासून भांडण. बाई म्हणायच्या, ओळीत लावू. काका म्हणायचे, जंगल काय शाळा आहे का. बाई म्हणायच्या, गवत काढू. काका म्हणायचे, मग खाणारे काय खातील. पण दोघं एकमेकांशिवाय चहा प्यायचे नाहीत, हेही खरं. हिवाळ्यात सगळे मिळून जाळपट्टा काढायचो. म्हणजे डोंगराच्या कडेनं गवताचा रुंद पट्टा आधीच कापून, जपून जाळून, मोकळा ठेवायचा. वणवा तिथवर येतो, पुढं खायला काही मिळत नाही, आणि विझतो. मी जगात एकच काम सलग चार हिवाळे केलंय, ते हे.

तर रोपं लागली. आणि रानडुकरांनी उकरली. परत लावली, परत उकरली. मग काकांना कल्पना सुचली. लक्षात घ्या, कल्पना काकांची. आजपर्यंत बाई सगळ्यांना सांगत आल्यात की माझी होती, ते त्यांचं मोठेपण आहे. काका आपल्या भाजीच्या मळ्याला जुन्या साड्या बांधायचे. रंग बघून, वाऱ्यावर फडफड ऐकून डुक्कर बिचकतं, आत येत नाही. आपल्याकडे सगळेच बांधतात. काका म्हणाले, मळ्याला चालतं तर डोंगराला का नाही?

बाईंनी सोसायटीत निरोप दिला आणि डोंबिवलीतून साड्यांचा पूर आला. इस्त्री केलेल्या. घडी घातलेल्या. एकीला नवा फॉल लावलेला. काका म्हणाले, बाई, ह्या बघून डुकरं पळणार नाहीत, वऱ्हाड येईल. आम्ही दोन रविवार साड्याच बांधत होतो. सगळ्या उताराला वेढा. जांभळी, लाल, जरीची, फुलाफुलांची. खालून रिक्षावाले विचारायचे, वर कसली जत्रा आहे.

शेवटी ओहोळाजवळ थोडी जागा उरली आणि साड्या संपल्या. काका घरी गेले, कपाट उघडलं, आणि काकींची हिरवी साडी घेऊन आले. काकींना न विचारता. हीच ती गोष्ट. काकींना ती त्यांच्या भावानं दिलेली. संध्याकाळी काकी ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या, त्यांनी सहज मान वर केली आणि डोंगरावर आपली साडी ओळखली. लांबून. पुढं काय झालं ते मी इथं सांगत नाही. एवढंच सांगते की काका चार दिवस माझ्या डब्यातलं जेवत होते.

डुकरं थांबली. रोपं उभी राहिली. आम्ही सगळे खूश. त्या साली एकच गोष्ट वेगळी झाली. ओहोळाच्या ओल्या मातीत आधी सकाळी खुरांच्या खुणा दिसायच्या, भेकराच्या. लहान हरणाएवढं असतं ते, तांबूस, आणि कुत्र्यासारखं भुंकतं. कधीकधी बिबट्याचं पाऊलही दिसायचं. त्या खुणा बंद झाल्या. काकांनी एकदा म्हटलं, भेकर बोलत नाही हल्ली. आम्ही म्हटलं, असेल इकडंतिकडं.

मग वणवा आला. वरच्या अंगानं आला, जिथं आमचा पट्टा नव्हता. मी धावत पोचले तेव्हा काका आधीच वर होते. मी एक सांगते, मला तोपर्यंत वाटायचं की आग लागली की जनावरं वेडी होऊन कुठंही पळतात. तसं नसतं. त्यांना वाटा माहीत असतात. ती आपापल्या वाटेनं ओहोळाकडे उतरतात, दगडांकडे, ओलाव्याकडे. घाईनं, पण सरळ. त्या दिवशीही ती सरळच उतरली. आणि साड्यांशी येऊन थांबली.

रानडुकरं, पिल्लांसकट. त्यांच्या थोडं वर एक भेकर. मागं धूर. समोर रंगीत फडफड, जिला भ्यायचं आम्हीच त्यांना शिकवलेलं. ती साड्यांच्या कडेकडेनं इकडून तिकडं धावत होती. एक उडी मारली असती तरी पलीकडे होती. मारत नव्हती. आणि मग वरच्या टोकाच्या साड्या पेटल्या. नायलॉन पेटतं तसं पेटलं, ठिबकत, वितळत.

काकांनी कोयता काढला आणि ओहोळाशी गेले. हिरवी साडी मधून कापली. दोन्ही टोकं धरून ओढून काढली, खांबासकट. हाताला वितळलेलं कापड चिकटलं, तो डाग तुम्ही सगळ्यांनी पाहिलाय. मग बाजूला झाले आणि ओरडले. कसलं ओरडले ते कळलं नाही. शब्द नव्हता तो. डुकरं गेली. एकामागून एक, पिल्लं मधे घेऊन, काकांच्या इतक्या जवळून गेली की त्यांच्या लेंग्याला राख लागली.

भेकर नाही आलं. ते वरच्या कोपऱ्यातच राहिलं. आग विझल्यावर काका त्याच्यापाशी जाऊन बसले. फुलाफुलांच्या साडीचा काठ तेवढा उरला होता त्याच्या शिंगाशी. बाई म्हणाल्या, माझं चुकलं हो. काका म्हणाले, "नाय बाई. मी डोंगराला मळा समजलो."

एवढंच म्हणाले. पण त्याच दिवशी उरलेल्या सगळ्या साड्या त्यांनी स्वतः सोडल्या. कुणाला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला फोन. ये लवकर, वारा सुटायच्या आधी. मला वाटलं, जळलेली रोपं मोजायची असतील. काका तिकडं गेलेच नाहीत. ओहोळाशी उकिडवे बसलेले. म्हणाले, बघ. राखेवर सगळं उमटलेलं. राखेइतकं स्वच्छ काहीच उमटवत नाही, मातीसुद्धा नाही. डुकरांचे खूर, जाताना खोल, घाईचे. आणि त्यांच्यावरून परत येतानाचे, उथळ, निवांत. आग पुरती थंड झाली नव्हती आणि ती परत आलेली, भाजलेले कंद उकरायला. तीही त्याच जागेतून, जिथं काकींची साडी कापलेली.

पुढं काही आठवड्यांनी काळ्या उतारावर गवताची कोवळी पाती आली आणि ती खायला दुसरं भेकर आलं. भेकरामागं बिबट्या आला. सगळे त्या एका जागेतून. काकांनी त्या जागेला नाव दिलं, काकींचा दरवाजा. असं नाव देऊन माफी मागता येते का? काकींना विचारा. साडी मिळाली नाही ती नाहीच.

त्यानंतर आमचं काम बदललं. रोपं कमी लावली. जळलेल्या खोडांना खालून फुटवे येतात, ऐनाला, कुड्याला, पळसाला, ते राखले. गवत ठेवलं. पट्टा दुप्पट रुंद केला, वरच्या अंगालाही. आणि डुकरांनी उकरलेल्या जागी रोपं जास्त उगवतात की काय, अशी बाईंना शंका यायला लागली. काका म्हणाले, असेल, पण डुकराचं इतकं कौतुक नको, ते डोक्यावर बसेल.

मला विठ्ठलवाडीच्या एका दुकानातली बॅटरी आठवली आत्ता, काकांनी मला घेऊन दिलेली. ते नंतर कधीतरी सांगेन. कुठं होते मी? हां. हॉस्पिटलचं सांगायचंय.

काका कल्याणला ॲडमिट होते तेव्हा यंदाचा वणवा आला. तुम्हाला माहीतच आहे. आम्ही पट्ट्यावर उभे होतो, बाई आणि बाईंचा ग्रुप, गावातली पोरं, प्रशांतदादा तर सगळ्यात पुढं. पट्टा टिकला. पलीकडचं जळलं, अलीकडचं बरंचसं राहिलं. मी दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेले. वाटलं, विचारतील किती जळलं. नाकात नळी होती. त्यांनी विचारलं, "कुठून गेली?"

मला माहीत होतं ते काय विचारणार, म्हणून मी सकाळी फोटो काढूनच गेलेले. राखेतले. मोबाइल त्यांच्या डोळ्यांपुढं धरला. डुकरं, पिल्लांसकट. मग भेकर. मग एक मोठं गोल पाऊल. मी म्हटलं, बिबट्या. म्हणाले, कुत्रा आहे. मी म्हटलं, काका, नखं कुठं दिसतायत? कुत्र्याची नखं उमटतात, हा नखं आत घेऊन चालतो, तुम्हीच शिकवलंत. त्यांनी फोटो मोठा करायला लावला. परत मोठा करायला लावला. नर्स ओरडली. मग म्हणाले, हां, बिबट्या. आणि इतके खूश झाले की जणू घरी पाहुणा आलाय. मग थोड्या वेळानं म्हणाले, "झाडा काय, येतील. वाट मोडली त कोन येल?"

नंतर त्यांनी मला जेवलीस का विचारलं. हे त्यांचे शेवटचे शब्द वगैरे नव्हते. पुढं तीन दिवस ते चहात साखर कमी आहे म्हणून भांडत होते. पण मला हे लक्षात राहिलंय.

प्रशांतदादा, आता तुझ्याशी बोलते. सगळ्यांसमोर बोलते, कारण तूही सगळ्यांसमोर बोललास. थोड्या वेळापूर्वी तू सांगितलंस की वडलांच्या नावानं स्मृतिवन करणार. चारही बाजूंनी जाळीचं कुंपण, गेट, कमान. टाळ्या पडल्या. मीपण वाजवल्या, हात आपोआप गेले. तुझी भीती खोटी नाही, दादा. खालच्या अंगाला एका रात्रीत अतिक्रमणाचे पत्रे उभे राहतात, तू आणि काकांनी किती वेळा ते काढलेत ते मी बघितलंय. रस्त्याकडून लोक बाटल्या घेऊन वर चढतात, काड्या टाकतात. कुंपण हवंच. रस्त्याच्या बाजूनं घाल, मजबूत घाल, खड्डे खणायला मी येते.

पण ओहोळाच्या बाजूनं नको. साडी कोयत्यानं कापता आली. जाळी कापायला तिथं कोण असेल? काका नाहीत आता.

आत्ता उत्तर देऊ नकोस. मान वर केलीस तेवढं पुरे.

अजून एकच सांगते आणि उतरते. कार्याच्या आदल्या संध्याकाळी काकींनी आपल्या रीतीप्रमाणे परातीत पीठ पसरलं, शेजारी दिवा, वर टोपली. गेलेलं माणूस कुठल्या जन्माला गेलं त्याचं पाऊल पिठात उमटतं म्हणतात. सकाळी टोपली उचलली. सगळे वाकून बघत होते. पीठ तसंच, गुळगुळीत. मुंगीसुद्धा फिरली नव्हती. काकींनी पीठ बघितलं, मग माझ्याकडे बघितलं. म्हणाल्या, "हितं कशाला येल तो? भिंगरी, जा, वर बगून ये."

मी गेले. काकींच्या दरवाज्याशी राख अजून होती, कडेनं हिरवं फुटायला लागलेलं. राखेवर भेकराचे ताजे खूर होते, आत जाणारे. मी असं म्हणत नाही की ते काका होते. काका इतके हलके कधीच चालले नाहीत. पण मी तिथं उभी राहिले आणि मला पहिल्यांदा कुठंही जावंसं वाटलं नाही.

काका, मला कुणी थांबायला शिकवलं नव्हतं. तुम्हीही नाही शिकवलंत. तुम्ही नुसती वाट उघडी ठेवलीत, आणि मी परत परत येत राहिले. तुमचे उपकार आहेत माझ्यावर, आणि ते फेडायचे नाहीत, असेच अंगावर वागवायचेत.

काय, काकी? मोठ्यानं बोला, माइकवर येत नाही. काकी म्हणतायत, साडीचं विसरले नाही म्हणावं त्यांना.

सांगितलं, काकी. पोचलं असेल.

आता आपण सगळे उभे राहू या. दोन मिनिटं गप्प राहू. त्याआधी कुणीतरी एसी बंद करा, आणि ते मागचं दार, मी बसले होते तिथलं, पूर्ण उघडा. तिथून डोंगर दिसतो. सगळ्यांनी तिकडं तोंड करा. काही आलं ऐकू तर ऐका.

हिरामणकाका, राम राम.

दार लावू नका नंतर. राहू दे तसंच.